लहानी हिलमच्या जन्माची नोंद

मी शहापूरला तहसील कचेरीच्या फाटकाबाहेर टेबल टाकून अर्ज लिहितो. एकवीस वर्षं झाली. राहायला किन्हवलीला आहे. सकाळच्या एसटीने येतो, संध्याकाळच्या एसटीने जातो. माझ्याकडे येणारी माणसं बहुतेक एकदा आत जाऊन आलेली असतात, त्यामुळे आपल्याकडे काय नाही हे त्यांना नीट माहीत असतं. मला फक्त ते लिहायचं असतं.

लहानी हिलम माझ्याकडे आली ती दोन हजार तेवीसच्या दसऱ्यानंतर. किन्हवलीपासून तासभर चालत गेलं की एक कातकरवाडी लागते, पस्तीस-एक घरांची. ती तिथली. आमच्या गावच्या लावणीला आणि कापणीला त्या वाडीतली माणसं येतात, म्हणून तिचा चेहरा माझ्या ओळखीचा होता. नाव कधी विचारलं नव्हतं. उंचीला कमी, अंगानं काटक, आणि केस अजून बरेचसे काळे. या केसांनी तिचं नुकसान केलं होतं, पण ते मला नंतर कळलं.

"भाऊ, माझं वय वाढवून द्या," ती म्हणाली.

अशी मागणी महिन्यातून दोन-चार वेळा येते. मी विचारलं, "किती पाहिजे?"

"हाये तेवढंच."

मी तिला बसायला स्टूल दिलं.

झालं होतं ते असं. लहानी आणि तिचा नवरा कमळू दर वर्षी दिवाळी झाली की वीटभट्टीवर जायचे. कधी मुरबाडकडे, कधी भिवंडीकडे. परत यायचे ते मे महिना संपताना. सहा वर्षांपूर्वी कमळू भिवंडीकडच्या एका भट्टीवरच वारला. तिथंच त्याला जाळला. मेल्याचा दाखला घ्यायचा असतो हे कोणी सांगितलं नाही, आणि ते गाव कोणतं हेही लहानीला ठाऊक नव्हतं, कारण भट्टी शेठच्या नावानं ओळखतात. कमळू मेला हे सगळ्या वाडीला माहीत होतं, पण कागदावर तो जिवंत होता. त्यामुळे विधवेला जे काही मिळत असेल ते लहानीला मिळण्याचा प्रश्न आला नाही.

पुढे ती मुलगा भगीरथ आणि सून जयश्री यांच्याबरोबर भट्टीवर जायला लागली. मातीचे गोळे करायचे, ओल्या विटा उलटायच्या, सुकल्या की रचायच्या. त्या दसऱ्याला मुरबाडचा भट्टीवाला उचल द्यायला वाडीत आला. त्यानं माणसं मोजली आणि लहानीपाशी येऊन थांबला.

"म्हातारीला आणू नको," तो भगीरथला म्हणाला. "गुडघे गेलेत तिचे. नुसती जागा अडवते."

लहानीला राग आला नाही. भट्टीवाला बोलला ते खरंच होतं. तिनं मग त्यातून पुढचा विचार केला. आपण म्हातारे झालो असू, तर म्हातारपणाचा पगार चालू व्हायला हवा. श्रावणबाळ योजनेच्या पेन्शनला आमच्याकडे सगळे पगारच म्हणतात. पासष्ट वर्षं झाली की तो मिळतो. ती आधार कार्ड घेऊन शहापूरला आली आणि आत गेली. तिथे कॉम्प्युटरवर बघून तिला सांगण्यात आलं, "मावशी, तुमचं वय एकोणपन्नास आहे. पंधरा-सोळा वर्षांनी या."

भट्टीसाठी ती म्हातारी झाली होती, कचेरीसाठी तरुण होती. दोघांच्या मधे माझं टेबल होतं.

मी तिचं आधार कार्ड बघितलं. जन्मतारीख एक जानेवारी एकोणीसशे चौऱ्याहत्तर. वाडीत ज्यांना जन्मतारीख माहीत नाही ते सगळे एक जानेवारीला जन्मलेले असतात. मग मी तिला घरातला दुसरा कुठला कागद आहे का विचारलं. तिनं पिशवीतून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला एक दाखला काढला. भगीरथ तीन वर्षं आश्रमशाळेत होता, तिथला. त्याची जन्मतारीख एक जून एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर.

मी दोन्ही कागद घेऊन तिच्याबरोबर आत गेलो. त्या शाखेतले कारकून सज्जन गृहस्थ आहेत, कुणावर ओरडत नाहीत.

"साहेब, ही आई मुलापेक्षा चार वर्षांनी मोठी आहे," मी म्हणालो.

त्यांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले. "दिसतंय."

"असं कसं होईल?"

"होत नाही," ते म्हणाले. "पण आई मुलापेक्षा किती मोठी पाहिजे, असा रकाना इथं नाही. आधारावर जे असेल ते कॉम्प्युटर घेतो. आधार बदलून आणा."

"आधार बदलायला काय लागेल?"

"जन्माचा दाखला."

"तो नाही."

"मग जन्माची नोंद करून घ्या."

लहानी पुढे झाली. तिनं विचारलं, "आता?"

"उशिरा नोंदणी म्हणतात त्याला. होते."

"किती उशीर चालतो?"

"कितीही," कारकून म्हणाले, आणि त्यांनी मला लागणाऱ्या कागदांची यादी सांगितली. यादी संपल्यावर त्यांना एक सोपा मार्ग सुचला. भल्या मनानं ते लहानीकडे वळले. "तुमच्याच वयाची कोणी बाई असेल ना वाडीत, जिचा पगार आधीच चालू आहे? तिचं नाव सांगा. तिच्यावरून तुमचं वय लगेच सिद्ध होईल."

लहानीनं तोंड उघडलं. मग मिटलं.

"नाय कोन," ती म्हणाली.

बाहेर आल्यावर मी तिला चहा पाजला. कागदाच्या कामात माणूस काही लपवत असेल तर पुढे मला त्रास होतो. म्हणून विचारलं, "कोणाचं नाव गिळलंत?"

"धोंडीचं."

धोंडी वाघ तिच्याच वाडीतली. दोघींचं माहेरही एकच, मुरबाडकडची एक वाडी. धोंडी लहानीपेक्षा तीन पावसाळ्यांनी धाकटी. धोंडीची आई वारली तेव्हा ती दोन वर्षांची होती, आणि पाच वर्षांच्या लहानीनं तिला कडेवर वागवली. पुढे लहानीचं लग्न होऊन ती इकडे आली, आणि तिनंच धोंडीला इथं स्थळ बघून आणली. धोंडीला मूल झालं नाही. नवराही गेला. बारा वर्षांपूर्वी शाळेत आधार काढायचं शिबिर होतं, तेव्हा दोघी एकाच रांगेत उभ्या होत्या. मशीनवाल्या मुलानं वय विचारलं. कोणालाच सांगता येईना, मग तो तोंडाकडे बघून लिहीत गेला. लहानीनं त्या दिवशी काळ्या केसांना तेल लावलं होतं, आणि मशीनसमोर बसवल्यावर तिला हसू आलं होतं. तिला त्यानं चौऱ्याहत्तर साल दिलं. धोंडीला ताप होता, डोक्यावरून फडकं होतं आणि ती खोकत होती. तिला पन्नास साल दिलं.

त्या तापामुळे धोंडीला पुढे कितीतरी वर्षं आधीच पगार चालू झाला.

"मी खरं सांगितलं असतं, का मी धोंडीपेक्षा मोठी हाये, तर?" लहानीनं विचारलं.

"तर त्यांनी धोंडीचं वय तपासलं असतं. तिचा पगार बंद झाला असता. घेतलेला परत मागितला असता."

"तिला कोन हाये?" लहानी म्हणाली. "आन तिचा बंद करून माझा चालू करायचा, म्हंजे पगार एकच झाला. दोन कुठं झाले?"

मी प्रतिज्ञापत्र लिहायला घेतलं.

प्रतिज्ञापत्रात जन्मस्थळ लागतं. मी विचारलं, "कुठं जन्मलात?"

"नदीवर. आई मासे धराया गेली व्हती."

"कुठल्या नदीवर?"

"शाई."

शाई नदीच्या एका अंगाला शहापूर तालुका आहे, दुसऱ्या अंगाला मुरबाड. "अलीकडच्या काठावर की पलीकडच्या?"

"माहेर पलीकडं. पन मासे दोनी बाजूंनी धरायचे." तिनं जरा विचार केला. "कुठला काठ बरा?"

मी सांगितलं की मुरबाडच्या काठावर जन्मलात तर मुरबाडच्या कचेरीत जावं लागेल, दोन एसट्या बदलून. शहापूरच्या काठावर जन्मलात तर सगळं इथंच होईल, आणि लिहायला मी आहे.

"मग अलीकडं," ती म्हणाली.

तारखेचं थोडं अवघड होतं. एक जानेवारी आणि एक जून या दोन तारखा बघितल्या की तपासणारा आधीच शंका घेतो. मी तिला आईनं काही सांगितलेलं आठवतं का विचारलं. आई म्हणायची की भात झोडायचे दिवस होते आणि बाप बाजाराला गेला होता. साल काढायला तिनं मला भातसा धरण दिलं. धरणाचं बांधकाम चाललं असताना ती तिथं माती टाकायला गेली तेव्हा तिची मोठी मुलगी अंगावर पीत होती. ती मुलगी आता नाही. मी बोटांवर मोजलं, दोनदा मोजलं, आणि पाच डिसेंबर एकोणीसशे सत्तावन्न अशी तारीख लिहिली. तिला वाचून दाखवली. तिनं ती तारीख तीन-चार वेळा तोंडात घोळवली.

"चांगली हाये," ती म्हणाली.

पुढचे महिने मी तिला तुकड्या-तुकड्यांनीच भेटलो. वाडीत कामही नव्हतं आणि घरात तांदूळही नव्हता, त्यामुळे ती मुलाबरोबर भट्टीवर गेलीच. भट्टीवाल्यानं तिला मोजलं नाही. विटा मात्र तिनं उलटल्या. कचेरीत तारीख असली की ती मुरबाडहून पहाटेची एसटी धरून यायची, पायाला माती तशीच. ग्रामसेवकानं जुनी दप्तरं बघून दाखला दिला की अशा कोणाच्या जन्माची नोंद आढळत नाही. हा दाखला मिळाला तेव्हा तिला आनंद झाला. आजवर तिच्या नावानं आलेला हा तिसरा कागद होता.

मग वयाच्या दाखल्यासाठी दवाखान्यात गेलो. डॉक्टर तरुण होते. त्यांनी तिला तोंड उघडायला सांगितलं, बॅटरी मारून दात बघितले, गुडघे वाकवून बघितले, हातांचे तळवे बघितले.

"किती वर्षं वाटतात?" मी विचारलं.

"दातांवरून पासष्ट ते सत्तर," डॉक्टर म्हणाले. "गुडघ्यांवरून ऐंशी."

"दात लिवा," लहानी म्हणाली. "लई झालं तर संशय येल."

त्यानंतर जाहीर नोटीस. ती ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावावी लागते. मजकूर ठरलेला असतो, मीच लिहिला: लहानी कमळू हिलम यांच्या जन्माबाबत कोणाची काही हरकत असल्यास पंधरा दिवसांच्या आत लेखी कळवावे. नोटीस पंधरा दिवस फळ्यावर होती. तिच्या जन्माला कोणीही हरकत घेतली नाही.

शेवटी राहिला पंचनामा. तलाठ्यानं वाडीत येऊन जुन्या माणसांना विचारायचं, ही बाई इथलीच का, साधारण कधीची. मधे निवडणूक आली, तारीख पुढे गेली, आणि पंचनामा मेच्या शेवटी ठरला. तोवर वाडी भट्ट्यांवरून परतली होती. पावसाआधीच्या आगोटीची गडबड चालली होती. कोणी छपराला पेंढा चढवत होतं, कोणी लाकडं आत नेत होतं. तलाठी मॅडम आल्या म्हटल्यावर सगळे आंब्याखाली जमले. लिहायला मी होतो.

मॅडमनी विचारलं, "वाडीत सगळ्यांत वयस्कर कोण?"

सगळ्यांत वयस्कर गणू आहे. तो समोरच बसला होता. पण त्याच्या आधारावर साल एकसष्ट आहे, आणि हे त्याला माहीत असल्यामुळे तो काही बोलला नाही. मॅडमनी मतदारयादी काढली. "धोंडी वाघ, वय चौऱ्याहत्तर. या आहेत का?"

धोंडी मागे उभी होती. बायकांनी तिला पुढे केली. ती येऊन लहानीच्या शेजारी बसली. दोघींना एकत्र बघून कोणीही सांगितलं असतं की धाकटी कोण. मॅडम भल्या होत्या, आणि त्यांना त्या दिवशी आणखी दोन गावं करायची होती.

"आजी, या लहानीबाईंना कधीपासून ओळखता?"

"जन्मापासून," धोंडी म्हणाली.

हे खरं होतं. फक्त कोणाच्या जन्मापासून, हे मॅडमनी विचारलं नाही.

"म्हणजे त्या जन्मल्या तेव्हा तुम्ही केवढ्या होतात?"

धोंडीनं माझ्याकडे बघितलं. मी कागदाकडे बघितलं. धोंडीला खोटं बोलायची सवय नव्हती, हे तिच्या कपाळावरच्या घामावरून दिसत होतं. पण आपण खरं बोललो तर दोघींचं काय होईल, हे तिला लहानीनं आधीच समजावलं होतं.

"असंल सात-आठ वर्साची," ती म्हणाली. आणि एकदा सुरुवात झाल्यावर तिला थांबता येईना. "हिची आई मासे धराया जायची ना, तवा हिला मी कडेवर घेऊन बसायची नदीवर. लई रडकी. सारकं नाक गळायचं हिचं."

"माझं नाक?" लहानी म्हणाली.

मॅडमनी वर बघितलं. "काय म्हणाल्या त्या?"

"हो म्हणाल्या," मी म्हणालो.

पस्तीस घरांची वाडी समोर बसली होती. धोंडीला कडेवर घेऊन फिरणारी लहानी यातल्या कोणी बघितली नव्हती, पण ती गोष्ट सगळ्यांना पाठ होती. एकही माणूस हसला नाही. गणूनं तर मान डोलावली. मी लिहिलं: सदर साक्षीदाराने अर्जदारास लहानपणी कडेवर खेळविले असून अर्जदाराचे वय अंदाजे सहासष्ट वर्षे असल्याचे समक्ष सांगितले. वय खरं होतं. बाकीचं मी लिहिलं आणि खाली धोंडीचा अंगठा घेतला.

मॅडम गेल्यावर लहानी मला वाडीच्या टोकापर्यंत पोचवायला आली. मग थांबली.

"अनंताभाऊ, चार वर्सं मी तिला कडेवर वागवली. माझी कंबर अजून एका अंगाला हाये. आन ती सगळ्यांसमोर सांगते, मला कडेवर घेतली."

"कागदासाठी सांगितलं तिनं. तुम्हीच शिकवलंत ना?"

"वय सांगाया शिकवलं. कडेवरचं तिनं तिच्या मनानं घातलं."

"वाडीला खरं माहीत आहे."

"आन सगळे गप ऱ्हायले," लहानी म्हणाली.

ती माझ्यावर नाराज होती की वाडीवर, हे मला कळलं नाही. मी एसटी पकडली.

त्यानंतर ती धोंडीशी बोलेना. हे मला भगीरथनं सांगितलं, तो लावणीला आमच्या गावात आला होता तेव्हा. एकाच विहिरीवर दोघी पाणी भरत होत्या आणि एकमेकींकडे बघत नव्हत्या. पोरं धोंडीला 'सगळ्यांची आजी' म्हणायला लागली होती, त्यामुळे ते आणखी चिघळलं. धोंडी एकदा वाटीभर खेकड्यांचं कालवण घेऊन आली. लहानीनं वाटी घेतली, कालवण खाल्लं, वाटी धुऊन नातीच्या हातानं परत पाठवली. निरोप काही नव्हता.

जुलैत कचेरीचा आदेश झाला आणि ग्रामपंचायतीनं नोंद केली. लहानीच्या जन्माचा दाखला मीच किन्हवलीहून वाडीत नेऊन दिला. तिला वाचता येत नाही, तरी तिनं तो बराच वेळ धरला. मग उठून, तो छातीशी धरून, धोंडीच्या झोपडीकडे गेली. पुढचं मला जयश्रीनं सांगितलं. ती मागोमाग गेली होती, भांडण झालं तर सोडवायला.

लहानी दारात उभी राहिली आणि म्हणाली, "बघ. जन्मले."

धोंडी चुलीपाशी होती. तिनं कागदाकडे बघितलं, लहानीकडे बघितलं, आणि विचारलं, "काय झालं? पोरगा का पोरगी?"

"पोरगी."

मग दोघी हसायला लागल्या, आणि धोंडीला इतका खोकला लागला की जयश्रीला पाणी द्यावं लागलं.

आधार बदलायलाही एक दिवस गेला. विटांनी लहानीच्या बोटांवरच्या रेघा घासून गेल्या आहेत, मशीन बोटं घेत नव्हतं. दहाही बोटं फिरवून झाल्यावर डाव्या हाताचं मधलं बोट चाललं. तेव्हापासून ती ते बोट जपते. कोयता उजव्या हातातच धरते, आणि डाव्या हाताला भाजू नये म्हणून चुलीवरचं भांडं फडक्यानं उतरवते. गणपतीनंतर योजनेच्या समितीच्या बैठकीत तिचा अर्ज मंजूर झाला. दिवाळीच्या आधी पहिला पगार खात्यात जमा झाला.

त्याच आठवड्यात भट्टीवाला वाडीत आला. माणसं मोजायला लागला. यंदा त्यानं लहानीला गाळलं, पण दोन नाती मोजल्या. थोरली कुणाली चौथीत, धाकटी मनाली दुसरीत. दर वर्षी दिवाळीनंतर त्यांची शाळा सुटायची, कारण वाडीत त्यांना बघायला कोणी नसायचं. भट्टीवर त्या विटा उलटायच्या. मुलांचे हात हलके असतात, कडा मोडत नाहीत.

"पोरी नाय यायच्या," लहानी म्हणाली.

भट्टीवाल्यानं भगीरथकडे बघितलं. "मग उचल कमी होईल."

भगीरथनं छपराकडे मान वळवली. त्याच्या डोक्यात काय चाललं होतं हे उघड होतं. छपराचे पत्रे त्याला त्या उचलीतूनच घ्यायचे होते. जयश्री घरातून बाहेर आली आणि दाराला टेकून उभी राहिली.

"पोरींना खायला कोण घालणार?" भट्टीवाल्यानं विचारलं.

"माझा पगार हाये," लहानी म्हणाली.

हे वाक्य ती आयुष्यात पहिल्यांदाच बोलली होती. जयश्री सांगते की नंतर दिवसभर तिनं ते निरनिराळ्या माणसांना, काही कारण नसताना, ऐकवलं. भगीरथ शेवटी म्हणाला, "दोनच माणसं लिव." त्या वर्षी छपरावर पेंढाच राहिला.

गेल्या जानेवारीत, पंचवीस साली, मी सकाळच्या एसटीत बसलो तेव्हा या दोघी पुढच्या बाकावर होत्या. पगार चालू राहायला वर्षातून एकदा आपण जिवंत असल्याचा दाखला द्यावा लागतो, त्यासाठी शहापूरला निघाल्या होत्या. कंडक्टर आला. त्यानं दोघींची कार्डं बघितली. पंचाहत्तर वर्षं झाली की एसटी फुकट असते, आणि एक जानेवारीला कागदावर धोंडीला पंचाहत्तर झाली होती.

"या आजींचं अर्धं तिकीट, तुमचं फुकट," कंडक्टर धोंडीला म्हणाला.

धोंडीनं कार्ड परत घेतलं आणि पोलक्यात ठेवलं. "दोन अर्धी द्या."

"आजी, तुम्हाला लागत नाही."

"हिच्यासंगती असले का लागतं."

कंडक्टरनं मागे माझ्याकडे बघितलं. मी रोजचा प्रवासी, काही उलगडा करीन असं त्याला वाटलं असावं. मी खिडकीतून बाहेर बघत होतो. त्यानं दोन अर्धी तिकिटं काढून दिली. लहानी सरळ समोर बघत बसली होती. तिनं एका हातानं धोंडीच्या खांद्यावरचा पदर नीट केला, लहान मुलाचा करतात तसा, आणि हात तिथंच ठेवला.

शहापूरला दोघी माझ्या टेबलापाशी आल्या. मी दोघींचे अर्ज लिहिले: अर्जदार हयात आहे. लहानीचं आधी उरकलं. धोंडी सही-शिक्क्यासाठी आत गेली तेव्हा लहानी स्टुलावर बसून मला वाडीबद्दल सांगायला लागली, जशी काही ती तिथं नवीनच राहायला आली होती. थंडीत सकाळी नदीवर वाफा निघतात. पोरी शाळेतून येतात तेव्हा ऊन घराच्या मागच्या बाजूला असतं. लग्न झाल्यापासून तिनं वाडीतला जानेवारी बघितलाच नव्हता. दर वर्षी भात कापून झालं की ती जायची, आणि परत यायची तेव्हा सगळं वाळलेलं असायचं. यंदा घरामागच्या ओल्या तुकड्यात तिनं वाल पेरला होता. आधी कधी पेरला नव्हता, कारण तयार होईपर्यंत थांबता येत नव्हतं.

"फुलं कसली असतात त्याची, मला ठाऊक नव्हतं," ती म्हणाली. "पांढरी असतात. मनालीला दाखवली."

तिनं पिशवीतून मूठभर वालाच्या शेंगा काढून टेबलावर ठेवल्या. मी नको म्हणालो. तिनं त्या माझ्या वहीजवळ सरकवल्या. मग धोंडी बाहेर आली, आणि दोघी बाजारात पोरींसाठी चपला बघायला गेल्या. रांगेतल्या पुढच्या माणसानं स्टूल घेतलं. त्याचं आधारावर नाव चुकलं होतं.